एलके म्हणजे लखनौ

उस्ताद सांगायचे, एलके म्हणजे लखनौ.

१९७४ साली मी त्यांच्या दुकानात हाताखाली लागलो तेव्हा सोळा वर्षांचा होतो. काशीतल्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून धापा टाकत वर गल्लीत आलं की आठ बाय सहाचा तो गाळा लागायचा. बाहेर मोटर रिवाइंडिंगची पाटी, आत तांब्याच्या तारेची रिळं, वॉर्निशचा वास आणि कोपऱ्यात दुरुस्तीला आलेल्या स्टार्टरांची चळत.

ज्याच्या शेतात विहीर आहे त्याला स्टार्टर म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. पाण्याची मोटर चालू-बंद करणारी ती राखाडी पेटी. हिरवं बटण दाबलं की आतल्या कॉइलचं चुंबक होतं, खटकन कॉन्टॅक्ट जुळतात आणि मोटर धरते. लाल दाबलं की सुटते. वीज गेली तर कॉइलची ओढ संपते आणि कॉन्टॅक्ट उघडतात, त्यामुळे रात्री-अपरात्री वीज आली तरी मोटर आपणहून सुरू होत नाही. मोटरीने जास्त करंट ओढला तर खालच्या रिलेतली दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि सगळं बंद पाडते. एवढंच यंत्र. लोक काय करतात? रिले सारखी ट्रिप होते म्हणून तिला वगळून तार सरळ जोडतात. व्होल्टेज पडलं की हिरव्या बटणात लाकडाची काडी खोचून ठेवतात. मग मोटर जळते आणि डोक्यावर घेऊन आमच्याकडे येतात. आमच्या दोघांचंही पोट बरंचसं त्या काडीवर चाललं.

पेटी एल अँड टीची. आतल्या कॉन्टॅक्टरवर मात्र बारीक अक्षरं असायची, एलटीएलके. एलटी म्हणजे लार्सन टुब्रो, हे शेंबडं पोरही सांगेल. पुढचं एलके कशाचं? मी विचारलं, उस्ताद म्हणाले लखनौ. माल लखनौच्या डीलरकडून यायचा, तेव्हा पटलंही. पुढची पन्नास वर्षं मी हेच उत्तर माझ्या हाताखालच्या पोरांना देत आलो.

आमचं घर शेजारच्या दुर्गाघाटावर. घराणं भिक्षुकीचं, मूळ सातारा भागातलं, काशीत येऊन सात पिढ्या झाल्या. आजोबांना माझं हे तारांचं काम मुळीच आवडलं नव्हतं. पण घाटावर बसून दक्षिणेची वाट पाहण्याचा काळ सरला होता हे त्यांनाही दिसत होतं. एकदाच म्हणाले, "निदान संध्येला तरी हात धुऊन बसत जा." वॉर्निशचा काळा डाग साबणाने जात नाही हे त्यांना कोण सांगणार!

हा सगळा किनाराच आपल्या लोकांनी बांधलेला. बिंदुमाधवाचं जुनं देऊळ औरंगजेबाच्या काळात गेलं, त्या जागी मशीद उभी राहिली. तिच्या मिनारांना लोक माधवरावांचा धरहरा म्हणत. मिनार मी पाहिले नाहीत, माझ्या जन्माआधीच गेले. आज जे बिंदुमाधवाचं मंदिर आहे ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधवलेलं. घाटावरचा हजार दिव्यांचा दगडी दीपस्तंभ अहिल्याबाईंचा. थोडं दक्षिणेकडे चाललात की ग्वाल्हेरकरांचा घाट, पुढे नागपूरकर भोसल्यांचा. योगायोग बघा, आमच्या दुकानात पाण्याची मोटर बहुतेक वेळा किर्लोस्करांची असायची आणि किर्लोस्करवाडी १९१० साली वसली तीही औंध संस्थानच्याच जमिनीवर. वर औंधच्या राजाचं देऊळ, खाली औंधच्या माळरानातली मोटर. तिला चालू करणारी पेटी मात्र परक्या नावाची. लार्सन कोण, टुब्रो कोण, हे मला फार उशिरा कळलं. त्यांचा शोध घेताना मी डॅनिश लोकांच्या मागे लागलो आणि त्या नादात गंगेच्या पार मुखापर्यंत जाऊन आलो.

पंचगंगा म्हणतात, पण दिसते एकच गंगा. यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या इथे गुप्त आहेत अशी श्रद्धा. डेन्मार्कच्या कंपन्यांचं मला असंच वाटतं. एवढासा देश, आपल्याकडे कुणाला नकाशावर पटकन दाखवता येणार नाही. पण आईच्या इन्सुलिनच्या पेनावर त्यांचं नाव, सिमेंटच्या भट्टीवर त्यांचं नाव, न्हावा-शेव्याला उतरणाऱ्या कंटेनरवर त्यांचं नाव. वाहतं आहे, दिसत नाही.

आधी जुनी कंपनी. डेन्मार्कचा राजा चौथा क्रिश्चियन याने १६१६ साली ईस्ट इंडिया कंपनी काढली. इंग्रजांची १६०० ची, डचांची १६०२ ची, आपण मागे का म्हणून. १६२० साली तिच्या माणसांनी तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून समुद्रकाठचं तरंगंबाडी गाव घेतलं. त्याचं त्यांनी त्रांकेबार केलं आणि डान्सबोर्ग नावाचा किल्ला बांधला. किल्ला अजून आहे. कराराप्रमाणे दरसाल तंजावरच्या गादीला पैसे भरायचे. पुढे ती गादी व्यंकोजीराजांकडे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाकडे आली आणि डॅनिश कंपनी मराठ्यांची भाडेकरू झाली! आपल्या शाळेच्या पुस्तकात इंग्रज येतात, पोर्तुगीज येतात, डच येतात. हे गरीब भाडेकरू कुठे येत नाहीत.

गरीब म्हणण्याचं कारण, कंपनी धड चाललीच नाही. पहिली १६५० ला मोडली, १६७० ला दुसरी काढली, तीही १७२९ ला बुडाली, १७३२ ला एशियाटिक कंपनी म्हणून तिसरा डाव मांडला. यातल्या दुसऱ्या कंपनीला नफ्यापेक्षा मोठी डोकेदुखी झाली ती मिशनऱ्यांची. राजानेच पाठवलेला झीगेनबाल्ग नावाचा जर्मन पाद्री १७०६ साली येऊन पोचला, तर कंपनीच्या तिथल्या अधिकाऱ्याने त्याला चार महिने किल्ल्यात डांबून ठेवलं. व्यापाराला धर्माचा उपद्रव नको, हा हिशेब. पण पाद्री टिकले, त्यांनी छापखाना आणला, तमिळ पुस्तकं छापली. त्याच मिशनमध्ये १७५० साली श्वार्ट्झ आला आणि त्याने पुढे तंजावरच्या एका मुलाला शिकवलं. तो मुलगा म्हणजे सरफोजीराजे.

सरफोजींनी आपल्या वाड्यात छापखाना घातला आणि १८०६ साली 'बालबोध मुक्तावली' देवनागरीत छापली. इसापाच्या गोष्टी, मराठीत, तंजावरात. हेच सरफोजी १८२० च्या सुमारास हजारो माणसांचा लवाजमा घेऊन काशीयात्रेला आले. आल्यावर त्यांनी इथल्या घाटांची चित्रं काढवून घेतली, ती तंजावरच्या सरस्वती महालात आहेत. मला ती एकदा बघायची आहेत. आमच्या पायऱ्या दोनशे वर्षांपूर्वी किती होत्या ते मोजायचं आहे. दरवर्षी गाळ काढताना वाटतं की खाली अजून चार-दोन असाव्यात.

दुसरा पदर याच गंगेचा. १७५५ साली डॅनिशांनी बंगालच्या नवाबाकडून हुगळीकाठी श्रीरामपूर मिळवलं आणि राजाच्या नावावरून फ्रेडरिक्सनगर म्हणायला लागले. (आपलं नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे. हे कोलकात्याच्या वर, पलीकडच्या काठावर.) १७७७ ला कंपनीच्या हातून हा कारभार खुद्द राजाने काढून घेतला. १८०० च्या जानेवारीत विल्यम केरी तिथे राहायला आला. इंग्रज असून त्याला इंग्रजांच्या मुलखात धर्मप्रचाराची परवानगी नव्हती, म्हणून डॅनिश गव्हर्नर ओले बी याच्या आसऱ्याला गेला. तिथे त्याने छापखाना टाकला. खिळे पाडायला पंचानन कर्मकार हा बंगाली कारागीर.

त्या छापखान्यातून १८०५ साली मराठी भाषेचं व्याकरण निघालं. १८१० साली मराठी-इंग्रजी कोश निघाला, तोही मोडी लिपीत. केरीच्या हाताशी वैजनाथशास्त्री नावाचे मराठी पंडित होते. त्यांची सिंहासनबत्तिशी, पंचतंत्र, हितोपदेश १८१४-१५ च्या सुमारास तिथेच छापून झाली. शिवाय नागपूरकर रघुजी भोसल्यांची वंशावळ. ज्या भोसल्यांचा घाट माझ्या दुकानापासून दहा मिनिटांवर आहे, त्यांची वंशावळ याच नदीच्या काठाने खाली गेल्यावर डॅनिश झेंड्याखालच्या गावात मोडीत छापली गेली. हे वाचलं त्या दिवशी मी दुकान अर्धा तास लवकर बंद केलं आणि उगाच भोसले घाटावर जाऊन बसलो.

यात भाबडेपणाने हुरळून जायचं कारण नाही. ते व्याकरण मराठी मुलांसाठी नव्हतं. १८०३ ला असईची लढाई झाली होती, मराठी मुलखात इंग्रज अधिकारी जायचे होते, त्यांना आपली भाषा यायला हवी होती. फोर्ट विल्यम कॉलेजात केरी हीच भाषा त्यांना शिकवत होता. आणि डॅनिशांचा यात वाटा किती? छपराएवढा. त्यांनी केरीला राहू दिलं. पण ज्या वेळी बाकीचे हाकलत होते त्या वेळी राहू देणं हीही गोष्ट आहेच. मराठी छपाईचे अगदी सुरुवातीचे दोन छापखाने मोजायला बसलो तर एक श्रीरामपूरला आणि दुसरा श्वार्ट्झच्या शिष्याच्या वाड्यात निघतो. दोन्हीकडे दाराशी डॅनिश.

१८४५ साली डेन्मार्कने त्रांकेबार आणि श्रीरामपूर दोन्ही इंग्रजांना साडेबारा लाख रुपयांना विकून टाकली. सव्वादोनशे वर्षांचं दुकान, आणि मोडीत निघालं ते असं.

आता नवे डॅनिश.

१८८२ साली कोपनहेगनमध्ये एफ. एल. स्मिथ नावाच्या माणसाने कंपनी काढली. ती पुढे सिमेंटच्या कारखान्यांची यंत्रं बनवण्यात जगात मोठी झाली. हिंदुस्थानात सिमेंट वाढायला लागलं तेव्हा यंत्रं त्यांची आणि ती उभी करायला माणसंही त्यांचीच. सोरेन क्रिश्चियन टुब्रो हा तरुण अभियंता १९३४ साली कोइंबतूरजवळच्या मदुक्कराईच्या सिमेंट कारखान्याच्या कामावर आला. हेनिंग होल्क-लार्सन १९३७ ला आला. १९३६ ला सिमेंटच्या बऱ्याच कंपन्या एक होऊन एसीसी झाली होती, तिच्याशी स्मिथ कंपनीचा मोठा व्यवहार होता. दोघे पगारी नोकर, तिशीच्या आसपासचे.

हे दोघे सुटीला माथेरानला गेले आणि तिथे ठरलं की नोकरी सोडून स्वतःचं काहीतरी करायचं. माथेरानला आपण गेलो की घोड्यावर बसतो, चिक्की घेतो आणि परत येतो. १९३८ च्या मे महिन्यात मुंबईत लार्सन अँड टुब्रो सुरू झाली. ऑफिस इतकं लहान होतं की एका वेळी भागीदारांपैकी एकालाच बसता यायचं. मला ही गोष्ट भावोजींनी सांगितली तेव्हा मी म्हटलं, आमच्या दुकानातही तसंच आहे. उस्ताद आत बसले की मी पायरीवर.

भावोजी म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, पवईच्या कारखान्यात तीस वर्षं होते, स्विचगिअर विभागात. ताई काशीची, सासर गिरगावातलं. मी १९८६ साली पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो. ज्या पेट्या बारा वर्षं उघडत होतो त्या जिथे बनतात ते गाव बघायचं होतं. भावोजींनी नातेवाइकांच्या भेटीच्या दिवशी आत नेलं. १९४८ साली ही पंचावन्न एकर जागा घेतली तेव्हा नुसती दलदल आणि जंगल होतं, असं ते सांगत होते. मी बघितलं ते झाडं, स्वच्छ रस्ते आणि लांबच लांब शेड. एका बाकावर बायका कॉन्टॅक्टर जुळवत होत्या. स्प्रिंग, कॉइल, पुढे स्क्रू, हात थांबत नव्हते. जी स्प्रिंग बसवताना माझ्या हातून दहादा उडून नालीत पडायची ती त्या दोन बोटांनी अशी बसवत होत्या की मी बघतच राहिलो. तिथे मला एलके विचारायचं सुचलं नाही. सुचलं असतं तर पुढची अडतीस वर्षं पोरांना लखनौ सांगितलं नसतं.

या दोघांनी सुरुवातीला काय विकलं? दूध नासू नये म्हणून लागणारी यंत्रं. डेन्मार्क म्हणजे लोणी आणि चीज, त्यामुळे तिथल्या डेअरी यंत्रांच्या कंपन्यांची एजन्सी घेणं साहजिक होतं. एजन्सीचं काम म्हणजे दुसऱ्याचा माल, आपलं कमिशन. असंच चाललं असतं तर मुंबईत त्या काळी पैशाला पासरी असलेल्या परदेशी एजंटांतले ते दोन ठरले असते. १९३९ ला युद्ध लागलं, आयात आवळली. ९ एप्रिल १९४० ला जर्मनीने डेन्मार्क घेतलं आणि घरून येणारा माल संपला. मायदेश नकाशावर होता, बंदरात नव्हता.

माझ्या मते ही कंपनी १९३८ ला स्थापन झाली आणि १९४० ला जन्मली. डॅनिश यंत्रं येईनात म्हणून त्यांनी छोट्या कारखान्यात तीच यंत्रं इथे बनवायला घेतली. युद्धाने मोडलेली जहाजं मुंबई बंदरात यायची, ती दुरुस्त करायला हिल्डा नावाची कंपनी काढली. टाटांचा सोडा ॲशचा कारखाना उभारणाऱ्या जर्मन अभियंत्यांना सरकारने नजरकैदेत टाकलं, ते अर्धवट काम या दोघांनी घेतलं. १९४४ ला बांधकामाची कंपनी काढली. १९४५ ला अमेरिकेच्या कॅटरपिलरशी करार केला, कारण युद्ध संपल्यावर लष्कराने टाकून दिलेली माती उपसायची यंत्रं ढिगाने पडली होती आणि ती दुरुस्त करून चालू करणारं कोणीतरी हवं होतं. त्यासाठी भांडवल लागलं म्हणून ७ फेब्रुवारी १९४६ ला प्रायव्हेट लिमिटेड झाली. १९५० च्या डिसेंबरात पब्लिक लिमिटेड झाली तेव्हा भांडवल वीस लाख आणि वर्षाची विक्री एक कोटी नऊ लाख.

नीट बघा यात काय आहे. जहाज मोडलं, दुरुस्त कर. माणसं पकडली, अर्धं काम पुरं कर. ट्रॅक्टर गंजला, चालू कर. मिस्त्रीचा धंदा! जुन्या डॅनिश कंपनीला राजाची सनद होती, तोफा होत्या, किल्ला होता, पण घरून जहाज आलं नाही की तिचे हातपाय गळायचे. या दोघांचंही जहाज आलं नाही, तेव्हा त्यांनी हातात पाना घेतला. मी मिस्त्री आहे म्हणून मला असं दिसतं, असं भावोजी म्हणतात. म्हणू देत.

दुधाची यंत्रं वाया गेली नाहीत. आणंदला कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल खेडा संघ उभा करत होते, त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांत लार्सन टुब्रोचं नाव येतं. म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही असं गोरे तज्ज्ञ सांगत असताना १९५५ च्या सुमारास तिथे ती झाली, तीही निरो या डॅनिश कंपनीच्या यंत्रावर. सिमेंटकडेही ते परत वळले. चंद्रपूर जिल्ह्यात आवारपूरला १९८३ ला त्यांनी स्वतःचा सिमेंट कारखाना टाकला. २००४ ला सिमेंटचा धंदा वेगळा काढला, तो आज अल्ट्राटेकमध्ये आहे. ज्या सिमेंटने दोघांना हिंदुस्थानात आणलं तेच हातून गेलं. टुब्रो १९८२ ला वारले. होल्क-लार्सन मुंबईतच राहिले, १९७६ ला त्यांना मॅगसेसे मिळालं, २००२ ला पद्मभूषण, आणि २००३ ला मुंबईतच गेले. कंपनीत डॅनिश पैसा म्हणावा असा तोवर उरला नव्हता. नाव तेवढं उरलं, आणि तेही आपण 'एलेंटी' करून टाकलं.

गंगेवर डॅनिश परत आले ते २०१९ च्या फेब्रुवारीत. रामनगरला, म्हणजे आमच्यापासून नदीच्या वरच्या अंगाला पलीकडच्या काठावर, नोव्हेंबर २०१८ मध्ये मालवाहतुकीचं टर्मिनल सुरू झालं. तिथून मर्स्क कंपनीचे सोळा कंटेनर नदीने कोलकात्याला निघाले. मर्स्क १९०४ साली स्वेंडबोर्ग नावाच्या गावात सुरू झाली, कंटेनर जहाजांच्या धंद्यात जगात सगळ्यात मोठ्या दोन-तीन नावांतलं एक. पेपरात बातमी वाचून मी सकाळपासून घाटावर जाऊन बसलो होतो. रामनगरहून कोलकात्याला जाणारं जहाज पंचगंगेसमोरून गेल्याशिवाय जाणारच कसं? पण मधे एक गिऱ्हाईक बोलवायला आलं, पाणी चढत नव्हतं, गेलो. जहाज कधी गेलं कळलं नाही. तेच जहाज पुढे हुगळीत श्रीरामपूरच्या समोरून गेलं असणार. १८४५ ला गाव विकून गेलेल्यांचा माल १७४ वर्षांनी त्याच गावासमोरून. श्रीरामपूरला ओलाव चर्च आणि डॅनिशांची जुनी खाणावळ अलीकडे डेन्मार्कच्या मदतीने नीट केली आहे म्हणे. आता तर आमच्या विद्यापीठाच्या आयआयटीत नदी स्वच्छ करायची डॅनिश-भारतीय प्रयोगशाळाही निघाली आहे, काम वरुणा नदीवर. वरुणा म्हणजे वाराणसी या नावातली अर्धी नदी, आज बघवत नाही. तिच्यावर जो कोणी काम करेल त्याला माझा नमस्कार, मग तो कोपनहेगनचा असो की कोपरगावचा.

कार्तिकात पंचगंगेवर आकाशदिवे लागतात. उंच वेळू रोवायचे, टोकाला दोरी, दोरीला वेताची परडी, परडीत दिवा. संध्याकाळी दोरी ओढली की परडी डुलत डुलत वर जाते. पितरांना वाट दिसावी म्हणून. आमच्या घरचा वेळू आजोबा लावायचे, आता मी लावतो. कप्पी अडकते, दरवर्षी अडकते, मी दरवर्षी थोडं ग्रीस लावतो. पूर उतरल्यावर कार्तिकापर्यंत दुकानात नुसता गाळ असतो. गाळाने भरलेल्या मोटरी, गंजलेल्या पेट्या, त्यांच्या झाकणात कधी कधी बारकी मासोळीसुद्धा. त्यामुळे दिवा लावायला जातो तेव्हा माझ्या हाताला ग्रीसचाच वास असतो. आजोबांचं हात धुवायचं राहूनच गेलं.

त्या एलकेचं एवढं सांगून संपवतो. लार्सन टुब्रोने स्टार्टर आणि स्विचगिअरचा सगळा धंदा २०२० च्या ऑगस्टमध्ये श्नायडर या फ्रेंच कंपनीला विकला, चौदा हजार कोटींना. भावोजी त्या आठवड्यात फोनवर फार बोलले नाहीत. नाव काही वर्षं तेच राहिलं. मग २०२४ ला नवा माल आला, पेटी तीच, हिरवं बटण तेच, आणि नाव लॉरिट्झ क्नुडसेन. मी चष्मा लावून अक्षरं लावली. एल. के. कोपनहेगनमधला विजेच्या सामानाचा जुना कारखाना, १८९३ चा, ज्याच्या तंत्राने पवईला या पेट्या सुरू झाल्या. तो कारखाना १९९९ मध्येच श्नायडरकडे गेलेला होता, त्यांनी नाव कपाटातून काढलं आणि आपल्या पेटीवर चिकटवलं.

उस्ताद २००९ ला गेले, त्यांना हे सांगायचं राहिलं. गिऱ्हाईक पेटी हातात घेऊन उलटीपालटी करतं आणि म्हणतं, हा कुठला लॉरेन्स, मला एल अँड टीचाच द्या. मी झाकण उघडून आतली कॉइल, कॉन्टॅक्ट, रिले दाखवतो आणि सांगतो, भाऊ, तोच आहे, फक्त रिलेला हात लावू नकोस. तो मान डोलावतो, पैसे देतो, आणि चार महिन्यांनी जळलेली मोटर घेऊन येतो.